दोन फायटर, दोघंही सेम टू सेम! आता काय करू?

नवखा_डीएम: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर खेळायचा रोल-प्लेइंग गेम) फिफ्थ एडिशन चालवतोय, म्हणजे मी डीएम, गोष्ट आणि शत्रू सांभाळणारा, २०१४ चे रूल्स, पार्टी लेव्हल ६ ला आलीय. पुस्तकात क्लास (कॅरेक्टरचे प्रकार) १२ आहेत पण आमच्याकडे दोघांनी फायटर म्हणजे योद्धा घेतला आणि दोघांनीही त्यातला चॅम्पियन हा उपप्रकारच, का तर लक्षात ठेवायला सोपा. एकाकडे ढाल-तलवार, दुसऱ्याकडे दोन हाती कुऱ्हाड, पण टर्न आली की दोघांचं तेच, जवळ जा, दोनदा मार, डॅमेज सांग, संपलं. तिकडे विझार्डवाली स्पेल्स चाळत बसलेली असते. आता दोघंही म्हणतायत कॅरेक्टरमध्ये काही करण्यासारखं उरलंच नाही. होमब्रू करू (स्वतःचे नियम बनवू) की सरळ पाथफाइंडर टू या दुसऱ्या गेमला जाऊ?

कुऱ्हाडवाला: सिस्टम कशाला बदलतोस एवढ्यात! एकाला बॅटल मास्टर (फायटरचाच दुसरा उपप्रकार) करून दे, लेव्हल ३ पासूनच तसा होता असं धर. १६ मधले ३ मॅन्युव्हर (लढाईतले खास डाव) सुरुवातीला मिळतात, लेव्हल ७ ला अजून २, आणि ते वापरायला लागणारे डी८ चे (आठ बाजूंचे) चार डाइस शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीनंतर) परत येतात. एखाद्याला आडवं पाड, स्वतःचा एक अटॅक सोडून पार्टीतल्या रोगला (चोर क्लास) वार करायला लाव, म्हणजे दर टर्नला डोकं चालवावं लागतं. चॅम्पियनला काय, वीस बाजूंच्या फाशावर २० सोबत १९ वर पण क्रिट (जास्त डॅमेजचा वार). तो फासा करतो, प्लेअर नाही.

एक_पडला: +१. आणि फीट्स (कॅरेक्टरच्या जादा खास क्षमता) चालू आहेत का तुमच्याकडे? तो ऑप्शनल रूल आहे. फायटरला लेव्हल ४, ६, ८ ला ताकद, चपळाई वगैरेचा स्कोअर वाढवायचा चान्स असतो, त्याऐवजी फीट घेता येतं. ढालवाल्याला सेंटिनेल हे फीट दे, शत्रू त्याच्या जवळून हलला की वार बसतो आणि जागीच थांबतो. तुझ्या कुऱ्हाड घेतलेल्या प्लेअरला ग्रेट वेपन मास्टर, मोठ्या हत्यारांचं फीट. बघ मग दोघं सेम वाटतात का. फक्त मल्टिक्लासच्या (एकाच कॅरेक्टरमध्ये दोन क्लास) नादी लागू देऊ नकोस आत्ता, प्लेअरला वाटतं व्हरायटी मिळाली आणि मग चार लेव्हल सगळं अर्धवट.

नियमवाचक: पाथफाइंडर टू मध्ये जवळपास प्रत्येक लेव्हलला काहीतरी निवडायला असतं, क्लास फीट, स्किल फीट, अँसेस्ट्री (वंशाचं) फीट, मला तर तेच आवडतं. पण ज्यांनी "सोपा आहे" म्हणून चॅम्पियन घेतला त्यांना ही यादी दिलीस तर ते लेव्हल अपच्या दिवशी गायब होतील 😄 आणि १९७४ च्या मूळ डी अँड डी मध्ये क्लास तीनच होते, फायटिंग मॅन, मॅजिक यूझर, क्लेरिक. चोर सुद्धा नंतर आला. तेव्हा दोन फायटर वेगळे वाटायचे ते कोण काय करतो यावरून, कॅरेक्टर शीटवरून (माहितीच्या कागदावरून) नाही. तुझ्या लढाया कुठे होतात ते बघ एकदा. मोकळ्या खोलीत चार ऑर्क (राक्षसी शत्रू) उभे केले तर कोणीही मारतच सुटणार, तिथे पूल, दोरखंड, उतार, पेटती मशाल असं काही ठेव ना.

नवखा_डीएम: लढाया मोकळ्या खोलीतच होतात हे खरंय 😅 फीट्स बंद ठेवलेत, ते या सेशनपासून चालू करतो. माझा कुऱ्हाड घेतलेला प्लेअर बॅटल मास्टरला तयार आहे, ढालवाला म्हणतो मला चॅम्पियनच ठेव, क्रिट आला की मजा येते.

कुऱ्हाडवाला: मग ठेव की त्याला तसाच. सेंटिनेल मात्र घ्यायला लाव.