मादिराँ नुसती पिऊ नका

मादिराँ ही तांबडी फ्रेंच वाइन पिऊन 'तोंड कोरडं पडलं, पैसे पाण्यात' अशी तक्रार कुणीतरी केलीय. नुसती प्यायल्यावर ते होणारच! (नावात मदिरा दिसली तरी ते नैऋत्य फ्रान्समधल्या एका गावाचं नाव आहे.) तिच्यातलं मुख्य द्राक्ष ताना, टॅनिन या तुरट द्रव्याने गच्च. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळते. हा तुरटपणा मऊ करायलाच तिथले वाइन बनवणारे पात्रिक दुकूर्नो यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला टाकीतल्या वाइनमध्ये प्राणवायूचे बारीक बुडबुडे सोडायचं तंत्र काढलं.

जोडीला तिथलंच बदक घ्या. तंगडी मिठात मुरवून बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवायची, मग तव्यावर कातडी कुरकुरीत करायची. ती चरबी ओठांना चिकटलेली असतानाच घोट घ्या, तुरटपणा कुठल्या कुठे जातो. पांढऱ्या घेवड्याचं आणि मांसाचं कालवण, म्हणजे कासुले, किंवा मुरलेलं मेंढीचं चीजही झकास. मासे नकोत. तांबड्या रश्शाबरोबर तर अजिबात नको, तिखट दुप्पट भडकतं.

आणि हो, दोन तास आधी जगमध्ये ओतून ठेवा. नुसतं बूच काढून तिला पुरेशी हवा लागत नाही.