मदत हवी आहे: स्लॅब पडायच्या आधी काय काय ठरवून ठेवावं? (कमी विजेत थंड राहणारं घर)

अंगणवेल

नमस्कार. आमच्या घराचा आराखडा जवळजवळ पक्का झाला आहे आणि पायाचं काम लवकरच सुरू होईल. तळमजला, वर एक मजला आणि त्यावर सपाट गच्ची. उन्हाळा लांबलचक आणि कडक, पावसाळ्यात हवा दमट, थंडी नावापुरतीच. सासरे दिवसभर घरी असतात आणि त्यांना उकाडा अजिबात सोसत नाही. त्यामुळे बिल कमी यावं हा एक हेतू आहेच, पण घर मुळातच कमी तापावं ही माझी जास्त मोठी इच्छा आहे.

कंत्राटदाराला काहीही विचारलं की "ते नंतर बघता येईल" असं उत्तर येतं. काही गोष्टी खरंच नंतर होतात, हे मान्य. पण भिंत, स्लॅब आणि खिडकीची जागा नंतर कशी बदलणार? म्हणून इथल्या जाणत्या मंडळींना विचारते आहे. नेमके प्रश्न असे:

भिंतीला भाजलेल्या विटा घ्याव्यात की एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक पोकळ्या असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे)?

गच्चीवर उष्णतारोधक थर घालायचा तर स्लॅबच्या वर की खाली? नुसता पांढरा रंग पुरेसा नाही का?

दिवाणखान्याला पश्चिमेकडे मोठी काचेची खिडकी आराखड्यात आहे, साधारण ४ चौरस मीटरची. तिथून बाहेरचं दृश्य छान दिसतं, म्हणून घरात सगळ्यांना ती हवी आहे. दुहेरी काच बसवली तर चालेल का?

सोलर पॅनेल, सोलर वॉटर हीटर, इन्व्हर्टर एसी, बीएलडीसी पंखे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) हे सगळं एकदम जमणार नाही. यातलं काय नंतर घेतलं तरी चालेल?

पैसे मर्यादित आहेत, त्यामुळे "सगळंच करा" असं कृपया सांगू नका. क्रम लावून दिलात तर फार उपकार होतील.

मोजपट्टी

अंगणवेल, प्रश्न योग्य वेळी विचारलात. तुमच्या घराला पहिला क्रमांक गच्चीचा, यात मला शंका नाही.

भर दुपारी आकाश निरभ्र असेल तर सपाट पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट इतकं ऊन पडतं. भिंतींवर ते तिरपं आणि आळीपाळीने येतं, गच्चीवर मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतं. आता स्लॅबचं बघा. १५० मिमी जाडीच्या काँक्रीटचा उष्णतारोध (हा आकडा जितका मोठा तितकी उष्णता कमी पार होते) जेमतेम ०.१ (चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट) भरतो. एक्सपीएस म्हणजे कडक फोमच्या ५० मिमी जाड पाट्यांचा रोध १.६ च्या आसपास जातो. आतल्या-बाहेरच्या हवेच्या पातळ थरांचा रोध दोन्हीकडे धरला, तरी पाट्या घातल्यावर स्लॅबमधून आत येणारी उष्णता साधारण सहाव्या हिश्शावर येते. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही एका कामातून इतका फरक मिळणार नाही.

वर की खाली? नवीन घर असेल तर वरच. कारण काँक्रीट हे उष्णतेचं कोठार आहे. थर खाली लावला तर स्लॅब दिवसभर तापतो, रोज फुगतो आणि रात्री आकसतो. त्यातून भेगा पडतात आणि पुढे गळती लागते. थर वर असला की स्लॅब सावलीत राहतो. क्रम असा ठेवा: स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस, मग जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), मग उताराचा कोबा आणि सगळ्यात वर फिक्या रंगाच्या फरश्या. एक्सपीएस बंद पेशींचं असल्यामुळे पाणी फारसं पीत नाही, म्हणून ते वॉटरप्रूफिंगच्या वर चालतं. पांढऱ्या मऊ थर्माकोलला तिथे जागा नाही.

पांढरा रंग चांगलाच आहे. नवा असताना तो बरंचसं ऊन परतवतो, पण धूळ आणि शेवाळ बसलं की परिणाम उतरतो आणि दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. पैसे फारच अपुरे पडले तर निदान तेवढं करा.

आणि एक गोष्ट आत्ताच आराखड्यात लिहून घ्या. या सगळ्या थरांची मिळून उंची सहज १२ ते १५ सेंमी होते. गच्चीच्या दाराचा उंबरठा तेवढा उंच नसेल तर पावसाचं पाणी जिन्यात येईल. कठडाही तेवढाच बुटका होईल, म्हणून तो मुळात जास्त उंच धरा. पावसाच्या पाण्याची तोंडं कुठल्या पातळीवर येतील तेही ठरवा. कोब्याचं वजन तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला सांगा, एक्सपीएसचं वजन नगण्य असतं.

पागोळी

मोजपट्टींशी सहमत. मी खिडकीबद्दल लिहिते, कारण ती ४ चौरस मीटरची पश्चिमेची खिडकी वाचून काळजी वाटली.

उतरत्या दुपारी सूर्य खाली येतो तेव्हा पश्चिमेच्या उभ्या काचेवर ऊन जवळजवळ समोरून पडतं. चौरस मीटरला ६०० वॅट धरले आणि साधी एकेरी काच त्यातले सुमारे ८० टक्के आत सोडते असं मानलं, तर ४ चौरस मीटरमधून १९०० वॅटच्या पुढे उष्णता दिवाणखान्यात येते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त एसी फक्त त्या खिडकीच्या उन्हाशी झगडत राहील, तेही घरचे सगळे दिवाणखान्यात जमतात त्याच वेळी.

दुहेरी काचेबद्दल एक गैरसमज फार आढळतो. साधी दुहेरी काच बाहेरच्या गरम हवेची उष्णता अडवते, पण थेट ऊन बऱ्याच प्रमाणात आत सोडतेच. काचेची दोन वेगळी मापं असतात. यू-व्हॅल्यू म्हणजे तापमानातल्या फरकामुळे किती उष्णता पार होते, आणि एसएचजीसी म्हणजे उन्हातला किती वाटा आत येतो. उष्ण हवामानात पश्चिमेच्या खिडकीसाठी दुसरं माप आधी बघायचं. सोलर-कंट्रोल लो-ई काचेत (उष्णता परतवणारा अतिपातळ लेप असलेल्या) ते ०.३ च्या आसपास मिळतं. दुकानदार "दुहेरी आहे" एवढंच सांगत असेल तर दोन्ही आकडे लेखी मागा.

पण काचेच्या आधी सावली. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर ते बाहेरच राहतं. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते खोलीत शिरून झालेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. दक्षिणेच्या खिडकीला आडवा छज्जा पुरतो (मी उत्तर गोलार्ध धरून लिहिते आहे), कारण दुपारी सूर्य उंच असतो. पश्चिमेला मात्र छज्जा कितीही पुढे काढला तरी कललेलं ऊन त्याच्या खालून आत येतं. तिथे उभ्या पट्ट्या, बाहेरच्या झडपा, खाली-वर होणारे बाहेरचे पडदे किंवा झाड यांचाच उपयोग.

घरच्यांना दृश्य हवं आहे ना? मग खिडकी ठेवा, पण निम्मी करा. बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येईल अशी, रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. दृश्य जवळजवळ तेवढंच दिसतं. राहिलेली काच उत्तरेला द्या, तिथला उजेड दिवसभर सौम्य असतो. तुम्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असाल तर उन्हाळ्यात काही आठवडे सूर्य भर दुपारीही उत्तरेकडे झुकलेला असतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाही छोटा छज्जा असू द्या.

निळी शाई

थोडं वेगळं मत मांडतो. गच्चीचे थर, महागडी काच यांत पैसा घालण्यापेक्षा तेवढ्यात दोन-तीन किलोवॅटची सोलर पॅनेल जास्त बसवावीत. वीज स्वतःचीच, मग एसी खुशाल चालवा. हिशेब सोपा.

मोजपट्टी

निळी शाई, पॅनेलला माझा विरोध नाही, पण क्रम उलटा होतो आहे. पॅनेल दुपारी वीज देतात. तापलेला स्लॅब उष्णता आत सोडतो ती संध्याकाळी आणि रात्री, जेव्हा पॅनेल झोपलेली असतात.

दुसरं, एसी हवा थंड करतो पण छत गरमच राहतं. माणसाला लागणारा उकाडा फक्त हवेचा नसतो, आजूबाजूच्या पृष्ठभागांकडून अंगावर येणाऱ्या उष्णतेचाही असतो. म्हणून तापलेल्या छताखाली एसी २२ वर लावूनही बरं वाटत नाही, आणि थंड छताखाली २७ वर पंख्यासोबत छान झोप लागते. अंगणवेल यांच्या सासऱ्यांना नेमका याचाच फायदा होईल. वीज गेली तर तेव्हाही.

तिसरं, पॅनेल पुढच्या वर्षी बसवता येतात. फरश्या लागल्यावर गच्ची उकरून आत थर घालणं कोणी करत नाही.

निळी शाई

रात्रीचा मुद्दा पटला. पण पॅनेल उंच चौकटीवर बसवली तर गच्चीला सावलीही मिळते, ती धरली का?

मोजपट्टी

धरायलाच हवी, मुद्दा बरोबर आहे. पॅनेलखाली हवा खेळती ठेवायचीच असते, कारण २५ अंशांच्या वर पॅनेलचं तापमान दर अंशाने वाढलं की उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. उंच चौकटीने दोन्ही कामं होतात. फक्त झाकली गेली नाही ती गच्ची तापतच राहते आणि वाऱ्याच्या जोरासाठी चौकट मजबूत लागते, तिचे पाय वॉटरप्रूफिंगच्या आधी स्लॅबमध्ये घ्यावे लागतात. म्हणजे पॅनेल नंतर बसवायची असली तरी पायांच्या जागा आत्ताच ठरवायला हव्यात.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठ्याचा आणि कठड्याचा मुद्दा आजच आर्किटेक्टना कळवला, आराखड्यात तो नव्हता. खिडकी निम्मी करण्याबद्दल घरी बोलले. सासरेच म्हणाले, दुपारी तिथे बसताच आलं नाही तर दृश्याचा काय उपयोग. तो प्रश्न सुटला.

भिंतींचं कोणी सांगेल का? आणि वायरिंग-नळांचं आत्ता काय करून ठेवू?

तारतंत्री

भिंतींचं थोडक्यात. विटेची ९ इंची भिंत उष्णतारोधात ०.३३ च्या जवळपास, एएसीची २०० मिमीची भिंत १.१ च्या जवळपास. म्हणजे एएसी तिपटीने बरं आणि वजनाला हलकं. पण काम नीट झालं पाहिजे. सांधे पातळ आणि त्यासाठीच्या चिकटद्रव्याचे, ब्लॉक जिथे कॉलम-बीमला भेटतो तिथे गिलाव्याखाली जाळी, नाहीतर त्याच रेषेत चीर जाते. जड कपाटं, गिझर टांगायला वेगळे फास्टनर लागतात. गवंड्याला एएसीचा सराव नसेल तर विटाच घ्या आणि फक्त पश्चिमेची भिंत जाड किंवा पोकळी ठेवून दुहेरी करा. नवख्या हातचं एएसी मी सुचवणार नाही.

आता नळ आणि तारा. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट लागतात. साध्या गिझरला तेवढे मोजावेच लागतात, हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) तेच काम सव्वा युनिटच्या आसपास करतो, सोलर वॉटर हीटर उन्हाच्या दिवसांत जवळजवळ फुकट. यातलं काय घ्यायचं ते नंतर ठरवा. आत्ता एवढंच करा की न्हाणीघरं एकावर एक किंवा पाठीला पाठ लावून घ्या, गरम पाण्याचा पाइप आखूड ठेवा आणि भिंतीत बुजण्याआधी त्यावर फोमची नळी चढवा. गच्चीवरून गरम पाण्याची एक लाइन खाली काढून तोंड बंद करून ठेवा. पाणी जड असेल तर सोलर वॉटर हीटरच्या व्हॅक्यूम ट्यूबमध्ये (काचेच्या नळ्यांत) क्षार साचतात, तेव्हा हीट एक्स्चेंजर असलेला, म्हणजे वापरायचं पाणी नळ्यांत न जाता वेगळं तापवणारा प्रकार बघा.

गच्चीपासून मीटरपर्यंत सोलरसाठी एक रिकामा पाइप स्लॅब ओतण्यापूर्वी टाका, आत ओढायची तार ठेवून. अर्थिंगची जागा धरा. एसी आज नको असला तरी प्रत्येक झोपायच्या खोलीत वेगळी लाइन, तांब्याच्या पाइपची वाट आणि पाणी वाहून जाणाऱ्या नळीला उतार हे गिलाव्याआधीच. बाहेरचं युनिट कोंडलेल्या डक्टमध्ये ठेवू नका, स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं आणि वीज जास्त खातं.

पंख्यांना थांबू नका. जुन्या धाटणीचा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी ३० च्या आसपास. पाच पंखे दिवसाला १० तास चालले तर सव्वादोन युनिट रोजचे वाचतात.

पागोळी

तारतंत्रींच्या यादीत एक भर. झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या शक्यतो बाहेर उघडणाऱ्या घ्या. सरकत्या खिडकीचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो आणि बंद केल्यावर फटीतून हवाही जास्त जाते. समोरासमोरच्या किंवा निदान लगतच्या दोन भिंतींना उघडणाऱ्या खिडक्या असू द्या, नाहीतर मोठी खिडकी असूनही वारा आत शिरत नाही.

अंगणवेल

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आता माझा क्रम असा: गच्चीचा थर, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरच्या झडपा, सगळे रिकामे पाइप, बीएलडीसी पंखे. पॅनेल आणि वॉटर हीटर पुढच्या वर्षी. आमच्या गवंड्याने एएसीचं काम फारसं केलेलं नाही, म्हणून विटाच, पश्चिमेला दुहेरी भिंत.

एकच शंका उरली. पाण्याची टाकी आराखड्यात गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यात, जिन्याच्या खोलीवर दाखवली आहे. पुढे पॅनेल बसवताना अडचण येईल का?

तारतंत्री

येईल. दक्षिणेला उंच काही असलं की त्याची सावली उत्तरेकडे गच्चीवर पडते, आणि हिवाळ्यात ती सगळ्यात लांब असते. एकाच पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्याच्यासोबत एका माळेत जोडलेल्या सगळ्या पॅनेलचं उत्पादन घटू शकतं. जिन्याची खोली आणि टाकी दोन्ही उत्तरेला नेता येतात का ते आर्किटेक्टना आत्ताच विचारा. जिना हलवणं शक्य नसेल तर निदान टाकी तरी उत्तर बाजूला वेगळ्या कट्ट्यावर घ्या. त्या कट्ट्याखाली बीम लागेल, म्हणून स्लॅबचं ड्रॉइंग निघण्याआधी हे कळवा.