कमिट न करता मर्ज? गिट काय काय सांभाळणार?

उद्यमनगरकर
परवा इथंच कुणीतरी ठासून लिहिलं, "कमिट न करता बिनधास्त मर्ज मारा, गिट सांभाळून घेतंय." (गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन, कमिट म्हणजे बदलांची पक्की नोंद, मर्ज म्हणजे दुसऱ्या शाखेतले बदल आपल्यात मिसळणं.) कुठलं सांभाळतंय? तुम्ही हात लावलेली फाईल मर्जमध्येही बदलणार असेल तर गिट अडवतं, खरंय. नसेल तर खुशाल पुढं जातं. मग कॉन्फ्लिक्ट (दोन्हीकडच्या बदलांची टक्कर) भलत्याच फाईलमध्ये निघतो, आणि मर्ज ॲबॉर्ट मारलं (मर्ज रद्द केलं) तरी अर्धवट काम जसंच्या तसं परत मिळेलच असं नाही. हे मी नाही, गिटचं मॅन्युअल सांगतंय. घाबरून रीसेट हार्ड (कमिट न केलेले बदल पुसणारी कमांड) मारलं की संपलंच.

कळंबेकर
ते वाक्य माझं. नाव घेऊन बोला की! माझ्या मशीनवर डेटाबेसची कॉन्फिग फाईल कायम बदललेली असते. पोर्ट माझा, पासवर्ड माझा. ती जन्मात कमिट करायची नाही. रोज सकाळी मेन (मुख्य शाखा) मर्ज करतो, गिट हूं की चूं करत नाही. दोन ओळींसाठी रोज स्टॅश-पॉप (बदल बाजूला ठेवून परत आणणं) करत बसू?

शाहूपुरी पाचवी गल्ली
स्टॅशचं नाव काढू नका. आमच्यातल्या एका पोरानं स्टॅश केलं, नवीन फाईल बाहेरच राहिली (नवीन फाईलीही घेणारं डॅश यू कोण देणार?). मर्जमध्ये त्याच नावाची फाईल येत होती, गिट परत अडलं. पठ्ठ्यानं स्वतःची फाईलच उडवली! सरळ 'डब्ल्यूआयपी' (काम चालू आहे) म्हणून कमिट करा, नंतर ते साफ करून घ्या.

जुना एसव्हीएनवाला
हाच तो रोग. ते 'नंतर' कधी उजाडत नाही. आमच्या रेपोचा (प्रोजेक्टच्या गिट-साठ्याचा) लॉग वाचा: 'डब्ल्यूआयपी', 'झालं', 'आता झालं', 'नक्की झालं'. बायसेक्ट करायला (कोणत्या कमिटनं बिघडवलं ते शोधायला) बसलो तर निम्म्या कमिटवर बिल्डच होईना. एसव्हीएन या गिटच्या आधीच्या साधनात कमिट थेट सर्व्हरवर जायचं, माणूस विचार करून करायचा.

शाहूपुरी पाचवी गल्ली
म्हणूनच तुम्ही लोक आठ-आठ दिवस कमिट करत नव्हता, काका. अपडेट मारलं की सर्व्हरचे बदल थेट अर्धवट कामात कालवले जायचे.

जुना एसव्हीएनवाला
काका कुणाला म्हणतोस? स्क्वॅश (अनेक कमिटचं एक करणं) शिकवलं नाही काय कॉलेजात?

शाहूपुरी पाचवी गल्ली
गिटच शिकवलं नाही. सगळा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर.

उद्यमनगरकर
भांडण मर्जचं होतं, मंडळी. कळंबेकर, तुमच्या त्या एका फाईलपुरतं मान्य. पण ती गिटमधून काढून, इग्नोरमध्ये (दुर्लक्ष करायच्या यादीत) टाकून नमुना फाईल कमिट करायची असते.

कळंबेकर
वा, गुरुजी! रेपो क्लायंटचा, तिथं माझं कोण ऐकतंय? ऑटोस्टॅश (मर्जआधी स्टॅश, नंतर पॉप आपोआप) चालू करतो, २०२० पासून मर्जला आहेच. झालं समाधान?

उद्यमनगरकर
चालेल. शेवटी स्टॅश परत लागताना कॉन्फ्लिक्ट आला तर इथं बोंबलू नका, आधी स्टॅश लिस्ट बघा. काम तिथंच असतंय.