एकतीस तोंडांची पेटी की चार नीट स्क्रू-ड्रायव्हर?

गच्चीवरचा कुलर (अमळनेर)

होळी झाली की आमच्याकडे कुलर गच्चीवरून खाली येतो. यंदाही आला. पत्र्याचा जुना कुलर, आत पंपाची पट्टी चार स्क्रूंवर. तीन निघाले. चौथ्याची फुली माझ्याच हातून गोल झाली, आता तिथे नुसती वाटी उरली आहे. हत्यार म्हणाल तर मागच्या वर्षी रस्त्यावरच्या हातगाडीवरून दोनशेला घेतलेली एकतीस तोंडांची पेटी, म्हणजे एकच मूठ आणि तिच्या टोकाला बदलून बसवायची तोंडं. स्क्रूचं जाऊ द्या, तोंडाच्याच पाकळ्या वळल्या. लोखंड होतं की शिसं, देव जाणे.

तेव्हा माझं मत ठाम झालंय आणि वाद व्हावा म्हणूनच हा धागा काढतोय. घरकामाला पेटी घेऊच नये. चार सुटे घ्यावेत : फुलीचे (फिलिप्स) पीएच-२ आणि त्याहून लहान पीएच-१, चपट्यात एक सहा मिलिमीटरचा आणि एक तीनचा. पोलाद कडक, क्रोम व्हॅनेडियमचं. परदेशी हवेत असंही नाही, आपल्या नाशिकच्या टपारिया कंपनीचे आणले, चार मिळून सहाशेच्या आत पडले. पेटीतली सत्तावीस तोंडं मी वर्षभरात एकदाही वापरली नव्हती. तुम्ही वापरली असतील तर कोणती, तेवढं सांगा.

केळीवाला (यावल)

भाऊ, तुमचा कुलर गच्चीवर असतो, आमचा पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर बांधावर. रात्रीची लाइट आली की एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात डिसमिस (म्हणजे तुमचा स्क्रू-ड्रायव्हर), पायाखाली चिखल. हातातून पडला की सापडेल तो पुढच्या नांगरटीला. दीडशेचा एक घेऊन वर्षाला तीन हरवायचे का? मी चाळीसवाले सहा घेऊन ठेवतो. एक स्टार्टरच्या डब्यात, एक ठिबकच्या फिल्टरपाशी, एक मोटारसायकलच्या डिक्कीत. बाकीचे शेजारी नेतात, ते आणून देत नाहीत. चांगलं हत्यार ठेवलं की सगळ्यात आधी तेच मागतात. आणि खरं सांगा, तुमच्या घरी स्क्रू-ड्रायव्हरने फक्त स्क्रूच फिरवतात का? रंगाचा डबा कशाने उघडता?

धुळ्याचा वायरमन

चाळीसच्या डिसमिसने चिखलात उभं राहून स्टार्टर उघडणाऱ्या भावाला आधी दंडवत. थ्री फेजला ४१५ व्होल्ट असतात हो. प्लॅस्टिकची मूठ आहे म्हणजे इन्सुलेटेड, हा समज काढून टाका. खऱ्या इन्सुलेटेडची दांडीसुद्धा जवळपास टोकापर्यंत झाकलेली असते आणि त्यावर दोन त्रिकोणांची खूण व १००० व्होल्टचा छाप असतो. तसा एक तुमच्या डब्यात टाका, बाकी पाच चाळीसवाले राहू द्या. आणि तो हातात असला तरी मेन स्विच आधी पाडायचा.

मूळ धागेवाल्यांच्या यादीवर माझा आक्षेप वेगळा आहे. त्यात टेस्टर नाही, म्हणजे तो घरात आहेच असं धरलंय. आपल्याकडे दहातल्या नऊ घरांत टेस्टर हाच स्क्रू-ड्रायव्हर. त्यानेच पंख्याचा रेग्युलेटर काढायचा, त्यानेच कुलरचा पत्रा उचकायचा. त्याच्या मुठीत निऑनचा दिवा आणि बारीक रेझिस्टन्स असतो. पिळून पिळून मूठ तडकली, आत पाणी गेलं की तोच टेस्टर एखाद्या दिवशी जिवंत वायरीवरही पेटणार नाही. दिवा लागला नाही म्हणजे लाइट नाही, असं मी माझ्या पोराला कधीच शिकवलं नाही. टेस्टर फक्त बघायला ठेवा, पिळायला नको.

तिसरा मजला (जळगाव)

वापरलेली तोंडं विचारलीत म्हणून सांगते. मुलाच्या जुन्या लॅपटॉपला पीएच-शून्य. ऑनलाइन मागवलेल्या कपाटाला फुलीसारखंच दिसणारं पण चार पाकळ्यांच्या मधे आणखी चार बारीक रेघा असलेलं, त्याला पोझी म्हणतात. त्यात साधी फुली घातली तर ती बसल्यासारखी वाटते आणि जोर लावताच सटकते. मिक्सरच्या तळाला चांदणीचं टॉर्क्स. झाली तीन, आणि यातलं एकही तुमच्या चारांत नाही.

पेटी वाईट नसते, दोनशेची पेटी वाईट असते. एस-टू या कडक पोलादाची तोंडं आणि रॅचेटची, म्हणजे एकाच बाजूला पकडणारी, एक मूठ घ्या. टोक झिजलं तर तेवढंच तोंड बदलायचं. तुमचा पीएच-२ झिजला की मुठीसकट अख्खा टाकणार ना? आमचं दोन खोल्यांचं घर, त्यात ‘वर्कशॉप’ म्हणजे स्वयंपाकघरातला खालचा ड्रॉवर. चार लांब दांड्या ठेवल्या तर लाटणं कुठे ठेवू?

गच्चीवरचा कुलर

लाटण्यासमोर माघार. पोझीचंही मान्य, मला ते माहीत नव्हतं. कपाटाचे दोन स्क्रू का बिघडले ते आज कळलं.

पण बदलत्या तोंडांची एक अडचण तुम्ही सांगितली नाही. मुठीच्या टोकाला तोंड धरणारी जाड कॉलर असते. स्क्रू खोल भोकात असला, जसा कुलरच्या मोटारीचा किंवा इस्त्रीच्या मुठीचा असतो, तर कॉलर बाहेरच अडकते. शिवाय तोंड त्या षटकोनी घरात थोडं डुलतं, ते जपून काम करताना जाणवतं. एकसंध दांडी डुलत नाही.

शहाद्याचं गॅरेज

आमच्याकडे डिसमिसच म्हणतात, सुरतेचा शेजार.

गाडीवाल्यांनी पीएच-२ चा एवढा भरवसा धरू नका. जपानी घराण्याच्या गाड्यांच्या इंजिनावर, कार्ब्युरेटरवर फुलीचे जे स्क्रू येतात ते पुष्कळदा फिलिप्स नसतातच, ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे. डोक्यावर एका बाजूला बारीक टिंब दिसलं की समजा. दिसायला तीच फुली, पण त्यात फिलिप्सचं टोक तळापर्यंत उतरत नाही, वरच्या वर फिरतं आणि पाकळ्या खातं. जेआयएसचा डिसमिस मात्र दोन्हींत बऱ्यापैकी बसतो. ओसाकाच्या व्हेसल कंपनीचा एक मी नऊ वर्षं वापरतोय. एकच महाग हत्यार घ्यायचं असेल तर मी तो घेईन, तुमचे चार नाही.

फिलिप्सचा मुळातला दोष म्हणाल तर त्याच्या पाकळ्यांच्या बाजू उतरत्या आहेत. हेन्री फिलिप्सने १९३६ मध्ये पेटंट मिळवलं ते मोटारींच्या कारखान्यांत भराभर काम व्हावं म्हणून. टोक आपोआप मधोमध बसतं, ही सोय. त्याच उतारामुळे जोर वाढला की टोक वर चढतं, ही खोड.

निवृत्त फिटर (भुसावळ)

सगळं वाचलं. रेल्वेत हयात गेली, म्हणून जरा लांबेल.

अमळनेरकर, तुमचं निदानच चुकलं. पेटी फालतू होती हे खरं, पण पाण्याशेजारी वर्षानुवर्षं गंजलेला स्क्रू टपारियानेही सरळ निघाला नसता. आधी हातोडीने डोक्यावर दोन-तीन सरळ ठोके, म्हणजे गंजाची पकड मोडते. मग रॉकेल सोडा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी डिसमिस सरळ उभा धरून अंगाच्या भाराने दाबा, दाब ठेवूनच फिरवा. लोक आधी फिरवतात, सटकल्यावर दाबतात. आणि पहिला झटका अर्धा घट्ट करायच्या बाजूला द्या, सुटण्याआधी गंज तडकतो.

दुसरं, लांब डिसमिसला जोर जास्त, असं आमच्या शेडमध्येही शपथेवर सांगायचे. लांबीने हात सरळ राहतो एवढंच. पिळायचा जोर मुठीच्या जाडीवर. म्हणून विकत घेताना दुकानात मूठ धरून पाहा. दांडीला मुठीपाशी षटकोन असेल तर उत्तम, तिथे पाना लावता येतो. ज्याची दांडी मुठीच्या बुडापर्यंत आरपार गेलेली असते त्याच्यावरच हातोडी मारायची, बाकीच्यांवर मारली की मूठ फुटते.

चपट्याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि घरात सगळ्यात जास्त मार त्यालाच. त्याची रुंदी खाचेइतकी हवी आणि टोकाच्या बाजू समांतर हव्यात. पाचरीसारखं टोक खाचेतून वर येतं. टोक गेलं तर फेकू नका, कानशीने हळूहळू सरळ करा. ग्राइंडरवर धरलं आणि निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग ते लोण्यासारखं वळतं. केळीवाल्यांचे चाळीसवाले दुकानातूनच तसे येतात, म्हणून माझं त्यांच्याशी पटणार नाही. हरवणं हा हत्याराचा दोष नव्हे. मुठीला लाल रिबन बांधा.

माझ्या वडलांच्या पेटीत पारदर्शक मुठींचे जुने डिसमिस आहेत. पेटी उघडली की व्हिनेगरसारखा वास येतो. ती मूठच विरत चालली आहे, पोलाद अजून पहिल्यासारखं.

इतली चर्चा

काय भो, एका डिसमिससाठी इतली चर्चा? आमना गावमा एकच शे, सरपंचकडे.

केळीवाला (यावल)

फिटर काका, रिबन उंदीर नेतात.

बाकी पाणी उतरण्याचं पटलं. परवा फिल्टरच्या क्लँपला लावला, टोक वळून चमचा झाला. पण मी सहाच घेणार. फक्त स्टार्टरच्या डब्यात वायरमन भाऊंनी सांगितलेला, दोन त्रिकोणांचा.

गच्चीवरचा कुलर

ताजी खबर. काका, तुमच्याप्रमाणे ठोके, रॉकेल, दोन रात्री. फुली उरलीच नव्हती म्हणून कानशीने डोक्यावर आडवी खाच पाडली, सहाचा चपटा बसवला, षटकोनाला पाना लावला आणि दाबून फिरवला. कर्रर्र झालं, निघाला! चारही जागी आता स्टेनलेसचे स्क्रू आणि ग्रीस.

पंप मात्र जळालेला निघाला. उद्या बाजारात जाऊन नवा आणायचा.

केळीवाला (यावल)

मग तो सहाचा मोकळाच आहे ना? दोन दिवस द्या, मोटारीचं एक काम अडलंय.