ताबा लांबला की बिल्डर लगेच ‘फ्रॉड’?

निवांतपंत (धागाकर्ता)
हल्ली पैसे अडकले की लोक ‘फ्रॉड’ म्हणून मोकळे होतात. फ्लॅटचा ताबा लांबला, फ्रॉड. भिशीचा हप्ता थकला, फ्रॉड. हा अन्याय आहे. पैसे बुडणं वेगळं आणि बुडवणं वेगळं. कायदाही हेच मानतो. फसवणुकीचं जुनं कलम ४२० हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालं. शिक्षा ७ वर्षांपर्यंत, पण पैसे घेतानाच मनात खोट होती हे दाखवावं लागतं. धंदा नंतर बसला आणि शब्द पाळता आला नाही, तर तो करारभंग. सर्वोच्च न्यायालयाने हे कितीदा तरी सांगितलंय.

रुक्मिणी_ठाणे
अजिबात पटलं नाही. मनातली खोट ठेवीदाराने कशी शोधायची? सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. आयुष्याची पुंजी अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही तिथे करारभंगाची व्याख्या ऐकवणार? लोक आरडाओरडा करतात तेव्हाच यंत्रणा हलते.

निवांतपंत
ताई, तिथे बुडीत कर्जं हजारो बनावट खात्यांआड लपवल्याचा आरोप झाला. बनावट खाती उघडली असतील तर हेतू कागदावरच दिसतो. तिथे फ्रॉड म्हणायला माझी ना नाही.

कोर्टाची_पायरी
मी वकिली करते. पैसे परत मिळवायला हेतू सिद्ध करावाच लागतो असं नाही. ताबा लांबला तर रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, कलम १८ खाली व्याजासकट परतावा मागता येतो. बिल्डरची नियत तिथे कुणी विचारत नाही. पोलिसांत फसवणुकीची तक्रार केली की मात्र तीच सिद्ध करत बसावं लागतं.
आणि या शिक्क्याचं वजन बघा. कर्जखातं ‘फ्रॉड’ ठरवण्याआधी कर्जदाराला बाजू मांडू द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या प्रकरणात २०२३ मध्ये बजावलं. शिक्का बसला की पुढच्या कर्जाची दारं बंद होतात म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या निर्देशांत उत्तरासाठी किमान २१ दिवस द्यायला सांगितलंय.

भाड्याच्या_घरातला
मॅडम, रेराचा आदेश माझ्या कपाटात आहे. वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायची, तिथे फाइल पडून. इकडे घरभाडंही भरतोय आणि हप्ताही. गुन्हा दाखल झाला की हाच बिल्डर दुसऱ्या दिवशी फोन उचलतो, हे शेजारच्या प्रकल्पात पाहिलंय.

कोर्टाची_पायरी
तुमचा राग रास्त आहे, वसुलीची रखडपट्टी खरीच आहे. पण नुसत्या धाकासाठी नोंदवलेले गुन्हे उच्च न्यायालयात रद्द होतात. असे गुन्हे साचले की पोलीस खऱ्या फसवणुकीची तक्रारही ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतात.

रुक्मिणी_ठाणे
मग वसुली वेळेत करून दाखवा. तोवर अडकलेल्यांना ‘शब्द जपून वापरा’ असं मी सांगणार नाही.

निवांतपंत
बिल्डरचं राहू द्या. आमच्या इथे भिशीचा हप्ता चुकलेल्या बाईचा फोटो ग्रुपवर टाकून खाली ‘फ्रॉड’ लिहिलं. तिच्या नवऱ्याची नोकरी गेलीय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रुक्मिणी_ठाणे
हे वाईटच. तो फोटो आजच काढायला लावा, आणि टाकणाऱ्याला तिच्या घरी जाऊन माफी मागू दे. बिल्डरबाबत मात्र मी हटणार नाही.