चढावरच गाडीचा टेंपरेचरचा काटा लालकडे जातो, ट्रॅफिकमध्ये नाही. हेड खोलायच्या आधी काय बघू?

काटा_कुठे:
जुनी टर्बो डिझेल आहे, 2 लाख किमीच्या वर चाललेली. सपाट रस्त्यावर काटा अर्ध्यावर, ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी ठेवली तरी हलत नाही, पण लांब चढ लागला आणि एसी चालू असला की 10 मिनिटांत लालजवळ, उतार लागला की परत खाली. थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) नवा टाकला, कूलंट बदललं, रेडिएटरची कॅपही बदलली, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढूनच टाकू, तेवढ्यानं नाही भागलं तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील). काय करू?

पाना_१३:
एवढ्यात हेडला हात लावू देऊ नका. गाडी कधी तापते ते आधी बघायचं. उभ्या उभ्या तापत असती तर मी फॅन बघायला सांगितलं असतं, तेव्हा हवा ओढणारा तो एकटाच असतो. तुमची लोडवर तापतेय, म्हणजे एक तर रेडिएटरला तेवढी उष्णता बाहेर टाकणं जमत नाहीये नाहीतर पाणी पुरेसं फिरत नाहीये. डिझेल आयडलला फारशी तापतच नाही, त्यामुळे अर्धा चोकअप रेडिएटरही ट्रॅफिकमध्ये खपून जातो.

आणि थर्मोस्टॅट काढू नका हो! बऱ्याच इंजिनांत त्याच्या मागे एक चकती असते, थर्मोस्टॅट उघडला की ती बायपासचं तोंड बंद करते. काढून टाकला की बायपास कायम उघडा, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनात परत, मग चढावर अजूनच तापणार.

ग्रीसचे_हात:
त्याआधी काटा खरं बोलतोय का ते बघा. हेडलाइट लावल्यावर काटा हलला तर अर्थिंगचा घोळ. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळी टेप लावून मोजा, चकचकीत अॅल्युमिनियमवर रीडिंग कमी येतं (मी यात एकदा फसलोय). मग तसंच रेडिएटरवर सगळीकडे फिरवा.

काटा_कुठे:
मोजलं. चढ संपल्या संपल्या हाउसिंग 106 डिग्री. रेडिएटर वर 96, पण मधे उजवीकडे एक मोठा पट्टा 55 च्या आसपास आणि त्याच्या आजूबाजूला सगळं 80 च्या वर. लाइट लावून काटा हलत नाही. हे गॅस्केट तर नाही ना?

पाना_१३:
एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू कमी होणं नॉर्मल आहे, पण मधेच थंड पट्टा म्हणजे तिथल्या नळ्या बंद. गॅस्केटची शंका फेडायची तर सकाळी पूर्ण थंड गाडी स्टार्ट करून वरचा होज दाबा, पाणी गरम व्हायच्या आधीच मिनिटभरात दगडासारखा कडक झाला किंवा टाकीत सतत बुडबुडे आले तर कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाबाचा गॅस) पाण्यात जातंय. गरम असताना कॅप मात्र अजिबात उघडू नका. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधली फट पण बघा, बाहेरून चकाचक दिसतं आणि आत कचऱ्याची गादी झालेली असते.

ग्रीसचे_हात:
+ खालचा होज. कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि बघा चपटा होतोय का. आतली स्प्रिंग गंजून गेली की पंपाच्या ओढीनं होज मिटतो. पंखा, बेल्टपासून हात लांब.

काटा_कुठे:
अपडेट. सकाळी होज मऊच, बुडबुडे नाहीत, खालचा होज पण ठीक. मधल्या फटीत खरंच गादी निघाली, धूळ, किडे आणि पिसं मिळून! इंजिनच्या बाजूनं हलक्या प्रेशरनं धुतलं तर चढावर 106 चं 101 झालं, पण थंड पट्टा तसाच. शेवटी रेडिएटर नवा टाकला, जुन्याच्या नळ्यांत पांढरा थर होता, आधीच्या मालकानं बहुतेक साधं नळाचं पाणीच घातलं असणार. आता त्याच चढावर, एसी चालू ठेवून, 93. मेकॅनिक म्हणाला, मी म्हणतच होतो रेडिएटर असणार.