अनुभव धागा : लेखनप्रकार आणि वाचक कसा ठरवता?

समास (धागाकर्ता)
विषय हाताशी असतो, पण त्याची कथा करायची की लेख, आणि ते वाचणार कोण, इथे अनेकांचं घोडं अडतं. नियमित लिहिणाऱ्यांनी आणि संपादन करणाऱ्यांनी हा निर्णय ते प्रत्यक्ष कसा घेतात ते लिहावं. आत्मचरित्र नको. पद्धत, आकडे, कुठे फसतं आणि का, एवढंच येऊ द्या. 'मनापासून लिहा' हा सल्ला सगळ्यांना मिळून चुकलाय असं गृहीत धरू.

कोरा कागद
कथा की कादंबरी, हे ठरवायला मी पानं मोजत नाही, निर्णय मोजतो. मुख्य पात्राला असे किती निर्णय घ्यावे लागतात, की जे घेतल्यावर मागे फिरता येत नाही? एकच असेल तर कथा. तीन-चार असतील तर दीर्घकथा. सहा-सात असतील आणि शिवाय दोन तरी दुय्यम पात्रांना मुख्य पात्राच्या आड येणारी स्वतःची इच्छा असेल, तर कादंबरीचा ऐवज आहे. दुय्यम पात्रं नुसती ऐकून घ्यायला किंवा मदतीला ठेवलेली असली की कादंबरी मध्यात बसते. सुरुवात जोरात, शेवट जोरात आणि मधे स्वप्नं, प्रवास, फ्लॅशबॅक. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर ती ताणलेली कथा समजावी. उपाय नवी प्रकरणं घालण्याचा नाही, मधला भाग काढून पुन्हा कथा करण्याचा आहे.

आकडे हवेतच असतील तर विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांचे विभाग पाहा. ७,५०० शब्दांच्या खाली कथा, १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट, ४०,००० पर्यंत नॉव्हेला, त्यापुढे कादंबरी. पण हे माप इंग्रजीचं. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'घरासमोरच्या अंगणातून' हे दोन शब्द झाले, इंग्रजीत तेवढ्यालाच सात-आठ लागतात. म्हणजे तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. इंग्रजी आकडा गाठायला विशेषणं भरली की काय होतं, ते कुठल्याही संपादकाला विचारा.

शेवटचं पान
रहस्य, थरार आणि गूढ हे तिन्ही प्रकार एकाच घटनेतून निघू शकतात. फरक पडतो तो माहिती कोणाला आणि केव्हा मिळते यामुळे. समजा, कुलूपबंद कपाटातून मृत्युपत्र नाहीसं झालं. वाचकाला तपास करणाऱ्याइतकंच माहीत असेल तर ते रहस्य. चोर कोण आणि त्याचा पुढचा बेत काय हे वाचकाला ठाऊक, पण घरातल्यांना नाही, तर तो थरार. हे माणसाचं काम आहे की नाही इथेच वाचक आणि घरातले दोघेही अडकले असतील तर गूढ.

म्हणून लिहायला बसण्याआधी तीन रकान्यांचा तक्ता करा. पहिल्यात प्रकरण, दुसऱ्यात त्या प्रकरणाअखेर वाचकाला काय माहीत, तिसऱ्यात मुख्य पात्राला काय माहीत. दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून वाचले की प्रकार आपोआप दिसतो. एका प्रकरणात वाचक पुढे, पुढच्यात मागे, मग बरोबर असं होत असेल तर तुमचा प्रकार ठरलेलाच नाही. यातली सर्वांत नेहमीची पडझड अशी : लेखकाला गुन्हेगाराचं मन आवडू लागतं आणि अर्ध्यावरच तो त्याला उघडा करतो. थरार म्हणून ते चालेल, पण मग पहिली पानंही थरार म्हणूनच पुन्हा लिहावी लागतात.

रहस्याचा वाचक लेखकाशी डाव मांडून बसलेला असतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातले काही आज हसू आणतात, पण दोन अजून टिकून आहेत : गुन्हेगाराचा उल्लेख लवकर व्हावा आणि तपास करणाऱ्याला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये. प्रत्यक्षात मी पहिला चतुर्थांश ही मर्यादा धरतो. तेवढ्यात खरा गुन्हेगार नावासह आणि काहीतरी साधं काम करताना दिसलेला हवा. निर्णायक सुगावा किमान दोनदा द्यावा, त्यातला एकदा वस्तूंच्या यादीच्या मध्यभागी, कारण यादीतलं पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं. संशयित चार ते सहा. तीन असले तर वाचक वजाबाकी करून मोकळा होतो, सातव्याचं नाव तो विसरतो.

काना-मात्रा
'लहान मुलांसाठी' असा वाचक अस्तित्वात नाही. चार वर्षांचं मूल, सात वर्षांचं आणि अकरा वर्षांचं हे तीन वेगळे वाचक आहेत, आणि पहिल्याच्या बाबतीत खरा वाचक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारा मोठा माणूस असतो. त्यामुळे चित्रपुस्तकाचं वाक्य एका श्वासात म्हणता आलं पाहिजे.

चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, कारण सोळा पानी दोन फर्म्यांत (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं) ते नीट बसतं. मुखपृष्ठाच्या आतली पानं, शीर्षक, प्रकाशनाची माहिती वगळली की गोष्टीला बारा ते चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) उरतात. शब्द पाचशेच्या आत. चित्रात दिसणारी लाल टोपी मजकुरात पुन्हा सांगितली तर चित्रकाराचं काम वाया जातं.

सहा ते आठ हा नव्याने वाचू लागलेल्यांचा गट सर्वांत कठीण. जोडाक्षरं टाळायची ठरवलीत की पहिला बळी 'म्हणाला' जातो, दुसरा 'त्याने'. पाठोपाठ 'त्याला', 'तिच्या', 'त्या' सगळेच. मग भूतकाळातल्या गोष्टीत 'त्याने' जिथे-जिथे येतं तिथे पात्राचं नाव घालत बसावं लागतं. यावरचा साधा उपाय म्हणजे गोष्ट वर्तमानकाळात आणणं : 'तो पळतो, ती हसते'. 'म्हणाला'च्या जागी 'बोलला' किंवा 'विचारलं' चालतं, नाहीतर संवाद नुसताच ठेवावा. म्हणजे वाचक बदलला की काळ आणि निवेदन दोन्ही बदलतं, शब्द सोपे करून भागत नाही. वाक्य पाच ते आठ शब्दांचं ठेवा आणि ओळ शब्दसमूहाच्या मधे तुटू देऊ नका.

नऊ ते बारासाठी नायक वाचकापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा ठेवा. मुलं वरच्या वयाचं आवडीनं वाचतात, खालच्या वयाचं सहसा नाही. आणि शेवटची अडचण मोठ्या माणसाने सोडवू नये. या गटातली हस्तलिखितं याच एका कारणावरून बरीच परत जातात.

पातळी तपासायला पाच बोटांची युक्ती आहे. मुलाला एक पान वाचू द्यायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाच बोटं झाली तर ते पान त्याच्यासाठी जड.

अर्धविराम
माहितीपर लेखनाबद्दल. वाचकाचं वय आणि व्यवसाय लिहून फारसा उपयोग होत नाही. त्याऐवजी तीन वाक्यं लिहा : वाचायला घेण्याआधी तो काय करत होता, या विषयाबद्दल त्याचा कोणता समज चुकीचा आहे, वाचून झाल्यावर तो काय करणार आहे. मधुमेह हा विषय घ्या. नुकतंच निदान झालेला माणूस, त्याच्यासाठी स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि परिचर्येचं शिक्षण घेणारा विद्यार्थी. तिसरं वाक्य तिघांचं वेगळं निघतं, म्हणून लेखही तीन होतात. पहिल्याला उद्या सकाळचं हवं, दुसऱ्याला ताटातलं प्रमाण, तिसऱ्याला कारणमीमांसा. तिघांना एकाच लेखात बसवलंत तर प्रत्येक जण दोन-तृतीयांश मजकूर ओलांडत जातो आणि मधेच सोडून देतो.

पारिभाषिक शब्द एका परिच्छेदात एकच नवा द्या. पुढच्या दोन परिच्छेदांत तो पुन्हा वापरायची वेळ आली नाही, तर त्याची गरजच नव्हती. मजकूर सोपा आहे का हे मोजायला काही जण रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८ चं वाचनसुलभतेचं सूत्र लावतात. ते इंग्रजी शब्दांतल्या अक्षरावयवांवर (सिलेबल्सवर) बेतलेलं आहे, मराठीला लावू नये.

तीन जणांना मजकूर मोठ्याने वाचायला सांगा आणि ते जिथे मागे जाऊन पुन्हा वाचतात तिथे पेन्सिलीची खूण करा. दोघांच्या खुणा एकाच वाक्यावर पडल्या तर दोष वाक्यात आहे. 'आवडलं का?' हा प्रश्न बाद, त्याचं उत्तर कायम 'हो' असतं. विचारायचं ते 'हे कोणाला पाठवाल?' तिघांनीही साधारण सारखीच माणसं सांगितली तर तो तुमचा वाचक. तुमच्या मनात दुसरा कोणी असला तरीही.

टाक-दौत
वरच्या पद्धती मान्य, क्रम मान्य नाही. कविता आणि ललित लेखनात वाचक आधी ठरवला की मजकूर समजावून सांगायला लागतो. पहिला खर्डा वाचक न ठरवता होऊ द्या, दुसऱ्यात ठरवा. मी दुसऱ्या खर्ड्यावर वरच्या कोपऱ्यात शेवटी कोणता रस उरायला हवा तेवढं लिहून ठेवतो. भरताने नाट्यशास्त्रात आठ सांगितले, शांत नंतर धरला गेला. नऊही चालतील, पण शेवटी उरणारा एक. करुण लेखाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात चमकदार विनोद असेल तर तो कितीही जमलेला असो, वर सरकवावा. कवितेत बहुधा शेवटची ओळच स्पष्टीकरणाची असते. ती झाकून वाचा. कविता उभी राहिली तर ओळ काढा.

वाळवी
प्रेमकथाही आहे आणि खूनही आहे, अशा वेळी प्रकार कोणता धरायचा?

शेवटचं पान
@वाळवी, खून वगळून सारांश लिहून बघा, मग प्रेम वगळून. जे काढल्यावर शेवट कोसळतो तो मुख्य प्रकार. पहिलं प्रकरण, शीर्षक आणि मलपृष्ठावरचा मजकूर त्याचाच असावा. दुसरा प्रकार कथेला वेग द्यायला वापरा. एक पथ्य मात्र पाळा : प्रेमकथेच्या वाचकाला शेवटी दोघं एकत्र हवी असतात. ती दुरावणार असतील तर कादंबरी खुशाल लिहा, मलपृष्ठावर तिला प्रेमकथा म्हणू नका.

काना-मात्रा
ऐकण्यासाठी लिहिणाऱ्यांसाठी एक पुरवणी. श्रोत्याला मागचं पान उलटता येत नाही. पात्रांची नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू करा (सुमन, सुनील, सुधा एकत्र नकोत), कंस काढून टाका, आणि कोण बोलतंय ते संवादाच्या आधी सांगा. लांबीसाठी दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. जो वाचणार आहे त्याच्याकडून एक पान घड्याळ लावून वाचून घ्या आणि त्यावरून हिशोब करा.